नागपूरच्या बाईंचं देणं

दुपारी तीनच्या सुमाराला भाऊ खुर्चीतच डोळे मिटून बसायचे. नगरपरिषदेत नव्याने आलेल्या माणसाला वाटायचं, लेखापालांना डुलकी लागली. तो चोरपावलांनी फाइल ठेवून परत फिरला, की भाऊ डोळे न उघडताच म्हणायचे, "आज खिडकी पश्चिमेकडे सरकवली. बरी दिसते."

ही खिडकी ज्या घराची होती, ते घर अजून बांधलेलं नव्हतं. पूर्णगडच्या बाजूला सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या उघड्या पठारावर, जिथून खाडी समुद्राला मिळताना दिसते, तिथे भाऊंनी दोन गुंठे कातळ घेऊन ठेवला होता. त्यावर चिऱ्यांची एक रास होती, आणि बाकीचं सगळं घर भाऊंच्या डोक्यात होतं. निवृत्त झालं, की ग्रॅच्युइटीच्या पैशातून ते डोक्यातून कातळावर उतरवायचं, असा बेत. तोवर भाऊ रोज दुपारी तिथे राहायला जायचे. कधी पडवी हातभर रुंद करायचे, कधी वहिनींच्या सांगण्यावरून स्वयंपाकघर पूर्वेला न्यायचे. एकदा त्यांनी आठवडाभर खपून जिना बांधला आणि सोमवारी येऊन काढून टाकला. गुडघे दुखायला लागले होते म्हणे.

मी त्यांच्या हाताखाली कर विभागात कारकून म्हणून लागले, तेव्हा मला हा माणूस अर्धवट वाटला होता. मी तसं घरी बोलूनही दाखवलं होतं. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांना ते आवडणार नाही, नाव सहीपुरतं असावं असं त्यांचं मत. नगराध्यक्षांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना भाऊच म्हणायचे, आणि ते मला 'बाय' म्हणायचे. आता माझी बदली खेडला झाली आहे. इथल्या ऑफिसातून जगबुडी नदीचं पाणी दिसतं, आणि पाण्याकडे बघत बसलं की भाऊ हमखास आठवतात.

आमचं गाव खाडीच्या तोंडाशी. समुद्र इतका जवळ, की एप्रिल लागला की विहिरी मचूळ व्हायच्या. चहा खारट, डाळ शिजेना, पाहुणे टिकेनात. शेवटी वरच्या अंगाला धरण बांधून नळ आणायचे ठरले, आणि त्यासाठी नगरपरिषदेने रोखे काढले. रोखे म्हणजे कागदावरचं कर्ज. कुठल्या कुठल्या लोकांनी आपली शिल्लक आम्हाला द्यायची, वर्षावर्षाला व्याज घ्यायचं, आणि मुदत संपली की मुद्दल परत घ्यायचं. पण कायदा असा, की नगरपरिषदेला असं कर्ज नुसतं उचलता येत नाही. ते फेडण्यासाठी कोणता कर बसवणार, हे आधी ठरवावं लागतं. तो कर कर्ज फिटेपर्यंत दरवर्षी घ्यावाच लागतो. निवडणूक आली म्हणून माफ करता येत नाही. आणि त्यातला पैसा वेगळ्या निधीत टाकावा लागतो, त्याला इतर कामासाठी हात लावायचा नाही. त्या निधीला म्हणतात कर्जनिवारण निधी. गावात सगळे 'भाऊंचा गल्ला' म्हणत.

हे सगळं नियमाच्या पुस्तकात आहे, ते कुणीही वाचू शकतं. भाऊंनी मात्र त्या नियमाला एक चेहरा दिला होता. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे आमचे रोखे नागपूरच्या एका बाईंनी घेतले होते. बाई शिक्षिका होत्या, एकट्या राहत, त्यांच्याकडे एक पोपट होता, आणि त्यांनी जन्मात समुद्र पाहिलेला नव्हता. तरीही समुद्राकाठच्या आमच्यासारख्या अनोळखी लोकांना प्यायला पाणी मिळावं म्हणून त्यांनी आपली शिल्लक दिली होती. "आपल्याला बघितलेलंसुद्धा नाही गो त्यांनी," भाऊ म्हणायचे, आणि त्यांचा आवाज खरोखर हलायचा.

एका वर्षी गणपतीच्या रोषणाईसाठी पैसे कमी पडले. दोन नगरसेवक भाऊंकडे आले. निधीत एवढी रक्कम पडून आहे, महिन्याभराने परत टाकू, असं त्यांचं म्हणणं. भाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"नागपूरच्या बाईंना विचारून सांगतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नगरसेवक हजर.

"काय म्हणाल्या बाई?"

"नको म्हणाल्या. त्यांच्याकडे समया लावतात."

नगरसेवक हसतच परत गेले, आणि त्या वर्षी आमच्या गणपतीला जुन्याच माळा लागल्या. पुढे मी रोखेधारकांची यादी स्वतः बघितली. त्यात बँका होत्या, पतपेढ्या होत्या, नागपूरची एकही बाई नव्हती. मी ते भाऊंना सांगितलं नाही. तोपर्यंत मलाही त्या पोपटाची सवय झाली होती.

कर बसवला की लोकांच्या हरकती ऐकायच्या, हाही नियम. दरवर्षी पहिली हरकत एका मासेवाल्या मावशीची असायची. पाटी दाराबाहेर ठेवून ती तरातरा आत यायची.

"माज्या घरात नळ नाय. मी विहिरीचां पानी पिते. मग मी कर कसला भरू?"

नळ असो वा नसो, कर्ज अख्ख्या गावाचं, म्हणून कर अख्ख्या गावाला, हे तिला सांगून आम्ही थकलो होतो. एका वर्षी भाऊंनी तिला बसायला खुर्ची दिली.

"मावशे, म्हावऱ्यावर बरफ घालतेस तो कुठला?"

"कारखान्याचा."

"आणि कारखान्याला पाणी?"

मावशीने कनवटीचे पैसे काढून टेबलावर आपटले. "तुमच्याशी बोलण्यात काय अर्थ नाय," असं म्हणून ती गेली. पुढच्या वर्षी तीच हरकत घेऊन ती पुन्हा आली. माझ्या मते तिला खुर्ची आवडली असावी.

आणि ते गाऱ्हाणं! दरवर्षी सभेत या कराचा ठराव मांडायची वेळ आली, की भाऊ उभे राहायचे, चपला काढायचे आणि देवळात घालतात तसं खड्या आवाजात गाऱ्हाणं घालायचे. "बा देवा म्हाराजा! तुझ्या लेकरांनी पान्यासाठी परक्याचा पैसा घेतल्यानी. औंदा बी त्यो फेडायची त्येंना बुद्दी दे, म्हाराजा!" सगळी सभा म्हणायची, "व्हय म्हाराजा!" "गल्ल्याकडं कोनाची नजर गेली तर ती फिरव, म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" विरोधी पक्षसुद्धा म्हणायचा. गाऱ्हाण्याला नाही म्हणायची आमच्याकडे कुणाची छाती नाही. ठराव एकमताने मंजूर व्हायचा, आणि भाऊ चपला घालून खाली बसायचे.

सुट्टीच्या दिवशी ते धरणापर्यंत पाइपलाइनच्या कडेकडेने चालत जायचे. दोन-चारदा मीही गेले. वाट काजूच्या बागांमधून जाते, मध्ये उघडा कातळ लागतो, आणि वारा असला की खालून समुद्राचा आवाज येतो. कातळावर पाइप जिथे उघडा पडलाय, तिथे भाऊ गुडघे टेकून त्याला कान लावायचे. मलाही लावायला सांगायचे. आतून पाणी जायचं, अगदी हलकं. ऐकता ऐकता आपण कुठे आहोत, किती वाजले, काही कळेनासं व्हायचं. एकदा मी डोळे उघडले तर भाऊ समोरच्या दगडावर बसून माझ्याकडे बघून हसत होते.

"ह्यां पाणी अजून आपलां नाय गो," ते म्हणाले. "आपण पितो, पण आपलां नाय. शेवटचा हप्ता पडला निधीत, की मग आपलां. तेव्हा चव बघ कशी लागते ती."

रोख्यांची मुदत संपायला तीन वर्षं होती. भाऊंच्या हिशेबाने अजून दोन वर्षांचा कर गोळा झाला, की निधी पुरा भरणार होता. त्यांची स्वतःची निवृत्ती त्या मार्चअखेरीला. निधी भरलेला बघायला आपण खुर्चीत नसणार, याची त्यांना खंत होती. ते तसं उघड म्हणायचेही.

त्या मार्चमध्ये शिमगा आला. पालखीला रूपं, म्हणजे देवीचे मुखवटे, लावायच्या दिवशी ग्रामदेवीच्या दागिन्यांची पेटी उघडतात. भाऊ मानकऱ्यांपैकी, त्यामुळे ते पुढे होते. आम्ही बायका खांबापाशी. गुरवाने देवीची चांदीची रूपं एकेक करून बाहेर काढली, एरवी कुणी हलवत नसे ते तळाचं लाल कापड या वेळी झटकायला उचललं, आणि त्याखालून घडी घातलेला एक कागद पडला.

"भाऊ, ह्यो कागुद तुमच्या हापिसाचा दिसतोय," गुरव म्हणाला. "शिक्का हाय."

भाऊंनी कागद उलगडला. बराच वेळ ते तो वाचत उभे राहिले. ढोल वाजत होते, पोरं ओरडत होती, गुलाल उडत होता, आणि भाऊंचा चेहरा मात्र पांढरा पडत गेला. मग ते गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आले आणि त्यांनी कागद माझ्या हातात दिला. ती बँकेतल्या मुदत ठेवीची पावती होती, कर्जनिवारण निधीच्या अगदी पहिल्या हप्त्याची.

झालं होतं ते असं. पहिला हप्ता ठेवीत टाकायची तारीख नेमकी पितृपक्षात आली होती. तारीख कायद्याची, ती चुकवता येत नव्हती, म्हणून भाऊंनी पैसे वेळेत ठेवीत टाकले. पण पितृपक्षात नवी वही उघडायची कशी? निधीची वही दसऱ्याला पूजा करून उघडायची ठरली. तोवर पावती कुठे ठेवायची? आमच्याकडे पहिला आंबा, पहिली भाताची लोंबी देवीपुढे ठेवतात. भाऊंनी तेव्हाच्या गुरवाच्या हातून पावतीही देवीच्या पेटीत ठेवली. दसऱ्याला वहीची पूजा झाली, पण पावती आणायची राहून गेली, आणि पुढच्या साली दुसरा हप्ता आला तो पहिल्या पानावर चढला. देवीकडची पावती देवीकडेच राहिली. त्याच साली हिशेबाची पद्धत बदलत होती. जुन्या वहीत ती रक्कम 'ठेवीत गेली' म्हणून बंद झाली आणि नव्या वहीत कधी आलीच नाही. बँक मात्र इमानाने दर मुदतीला ठेव आपोआप पुढे चालू ठेवत होती, आणि ती वाढत होती.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी बँकेतून आकडा आणला, आणि आम्ही दोघांनी तीन वेळा हिशेब मांडला. निधी भरलेला होता. आत्ता नाही, गेल्याच मार्चमध्ये भरलेला होता.

याचा अर्थ मला लगेच कळला नाही. मी आनंदाने म्हटलं, "भाऊ, म्हणजे पाणी आपलं झालं की!"

"एक वर्षापूर्वीच झालं," ते म्हणाले. "निधी पुरा झाला की त्या दिवसापासून हा कर घेता येत नाही. कायद्यात एक ओळ आहे तशी. आणि आपण वर्षभर घेतला."

आम्ही नगराध्यक्षांकडे गेलो. माणूस वाईट नव्हता. त्यांनी दार लावून घेतलं, भाऊंना पाणी दिलं, आणि समजुतीच्या सुरात बोलले. "भाऊ, आज तुम्ही हे लेखी दिलंत तर चौकशी लागणार. परताव्यावरचं व्याज, वाटायचा खर्च, सगळं तुमच्या चुकीवर येणार. ग्रॅच्युइटी अडकेल. एवढी वर्षं कागद देवीकडे राहिला, अजून पंधरा दिवस राहू दे. तुम्ही एकतीसला मानाने जा. पुढच्या शिमग्याला तो सापडेल, तेव्हा बघून घेऊ. गावाला काही तोटा नाही, जास्तीच्या पैशात एखादा हॉल होईल. तुमचं नावही देऊ."

खरं सांगते, मला ते पटलं. मी भाऊंकडे बघून मान हलवलीसुद्धा. त्यांचा तो कातळ, ती चिऱ्यांची रास, वहिनींचं पूर्वेचं स्वयंपाकघर, सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. कुणाचं काय बिघडत होतं?

भाऊंनी पाणी पिऊन पेला खाली ठेवला. "नव्या वर्षाची बिलं छापून तयार आहेत," ते म्हणाले. "ती एक तारखेला वाटली जातील. म्हणजे माझी ग्रॅच्युइटी सुटावी म्हणून अख्ख्या गावानं आणखी एक वर्ष कर भरायचा."

"भाऊ, किती होतो असा घरटी?" नगराध्यक्षांनी विचारलं.

"कितीही होवो. कशासाठी आहे ते सांगा."

नगराध्यक्षांनी उठून दार उघडलं. त्या दुपारी मी भाऊंबरोबर घरापर्यंत चालत गेले. ऊन मऊ झालं होतं, पालखी कुठल्या तरी वाडीत नाचत होती, ढोल लांबून ऐकू येत होते. भाऊ माझ्याशी बोलत होते की स्वतःशी, ते कळत नव्हतं. "नागपूरच्या बाई आता निवांत असतील," एवढं मात्र मी स्पष्ट ऐकलं. घरी पोचल्यावर त्यांनी वहिनींना सगळं सांगितलं. वहिनी कोकम पिळत होत्या. त्यांनी हात न थांबवता विचारलं, "खोली एक तरी होईल?" भाऊ म्हणाले, "बहुतेक नाय." वहिनींनी सरबतात साखर घातली आणि पहिला पेला माझ्या हातात दिला.

सभेत त्या वर्षी गाऱ्हाणं झालं नाही. भाऊंनी पायांत चपला ठेवूनच अर्ध्या पानाची टिपणी वाचली. निधी पुरा झाला आहे, कर बंद करावा, गेल्या वर्षीची जादा वसुली परत करावी, चूक लेखापालाची आहे. कर बंद झाला आणि छापलेली बिलं रद्द झाली. एकतीस मार्चला त्यांना नारळ आणि शाल मिळाली, ग्रॅच्युइटी मिळाली नाही. पुढे चौकशी झाली आणि ती सगळी रक्कम वसुलीत गेली. तीही पुरली नाही, थोडी बाकी त्यांच्या नावावर राहिली.

कराचा परतावा वाटायला सुरुवात झाली, तेव्हा टेबलावर मी होते. माणसं कमी, म्हणून त्याच टेबलावर मी जमेची रक्कमही घेत होते. रांगेत सगळ्यांत पुढे मासेवाली मावशी. तिने सहीऐवजी अंगठा उठवला, पैसे मोजले आणि परत माझ्यापुढे ठेवले.

"ह्ये भाऊंच्या नावावर लाव."

तिच्या मागच्याने तेच केलं. त्याच्या मागच्याने तेच. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. दुपारपर्यंत टेबलावर नोटांचा ढीग झाला, आणि मी इतकी हरखून गेले, की शिपायाला सायकलवर भाऊंकडे पिटाळलं.

भाऊ आले. त्यांनी ढिगाकडे बघितलं, मग रांगेकडे.

"हे कोणत्या ठरावानं गोळा केलंस गो?"

"ठराव नाही, भाऊ. लोक आपणहून देतायत."

"गावाचं देणं फिटलं," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "आता माझं देणं गावावर बसवू नका. आपापले पैसे उचला."

मावशी खवळली. "तुमी कदी आमचां ऐकताव काय? आमी राजीखुशी देताव!"

"मावशे, तू राजीखुशी देतेस. तुझ्यामागचा देतो, कारण तू दिलेस म्हणून. त्याच्यामागच्याला वाटतं, आपण नाही दिले तर बरं दिसणार नाही. त्यालाच कर म्हणतात." त्यांनी यादी ओढून घेतली, चष्मा लावला, आणि एकेकाचं नाव पुकारून ज्याचे त्याला परत दिले. मावशीने आपले उचलले तेव्हा ती रडत होती आणि भाऊंना शिव्या देत होती. अर्धा तास लागला. टेबल रिकामं झालं.

मग भाऊ निघून जातील असं मला वाटलं. ते रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. गावात त्यांचंही दोन खोल्यांचं घर होतं आणि त्यांनीही कर भरला होता. सावकाश पुढे सरकत ते माझ्यासमोर आले, आणि मी त्यांना ओळखतच नाही अशा थाटात त्यांनी स्वतःचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव आणि घर क्रमांक सांगितला. मी पैसे दिले. त्यांनी मोजले, सही केली, आणि तेच पैसे पुन्हा माझ्याकडे सरकवले.

"वसुलीच्या बाकीत जमा कर."

"भाऊ, नको ना."

"लिही गो बाय. मागे लोक नाहीत, पण जेवायची वेळ झाली."

मी लिहिलं. इतकं वाईट अक्षर मी आयुष्यात कधी काढलं नसेल.